गुपित, पुरावा आणि निवाडा : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ – नाटक आणि चित्रपट

लहान वस्तीत गुपित कोणा एकाचे राहत नाही. ते सर्वांना ठाऊक असते, मात्र ते उच्चारण्याचा मुहूर्त समाज ठरवतो. असा मुहूर्त येतो तेव्हा निवाडा आधीच झालेला असतो आणि चौकशी केवळ उपचार म्हणून उरते. मराठी नाट्यवाङ्मयात या प्रक्रियेचे सर्वांत नेमके चित्रण विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात आढळते. १९६७ मध्ये ‘रंगायन’ने हे नाटक अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. पुढे १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर मराठी चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच होती, छायालेखन गोविंद निहलानी यांचे होते, आणि रंगमंचावर लीला बेणारे साकारणाऱ्या सुलभा देशपांडे यांनीच पडद्यावरही ती भूमिका केली. एकच संहिता, एकच अभिनेत्री आणि दोन माध्यमे असा हा योग अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या कृतीविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. त्या लेखनाचा भर बहुधा बेणारेच्या शोकात्म अवस्थेवर आणि मध्यमवर्गाच्या दांभिकतेवर राहिला. या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु एका प्रश्नाकडे त्यामानाने कमी लक्ष गेले. या खोट्या न्यायालयात एका स्त्रीचे खाजगी आयुष्य ‘पुरावा’ कसे बनते? कुजबुजीला साक्षीचे रूप कोणत्या टप्प्यांनी येते? प्रस्तुत लेखात प्रथम या प्रक्रियेचे विवरण केले आहे, त्यानंतर निवाड्याचे कायदेशीर स्वरूप तपासले आहे, आणि शेवटी नाटक व चित्रपट यांत प्रेक्षकाचे स्थान कसे पालटते याचा विचार केला आहे.

१. गाव कोणते?

कथानकाची चौकट साधी आहे. मुंबईतील एका वसाहतीतील हौशी मंडळी ‘अभिरूप न्यायालया’चा कार्यक्रम घेऊन एका लहान गावात येतात. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रनिर्मितीबद्दल खटला भरायचा आहे. प्रयोगाला अवकाश असतो. एक नट येणार नसतो, त्याच्या जागी गावातील सामंत या साध्याभोळ्या माणसाला उभे करायचे ठरते. न्यायालयाचे कामकाज त्याला समजावे म्हणून एक लुटुपुटीचा खटला चालवून पाहण्याची कल्पना निघते. आरोपी म्हणून शिक्षिका लीला बेणारे हिची निवड होते, आणि ती होते बेणारे तोंड धुण्यासाठी आत गेलेली असताना. तिच्यावर ठेवला जाणारा आरोप भ्रूणहत्येचा असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लहान गावातील निवाडा म्हटले की पार, पंचायत, चावडी आणि गावकऱ्यांची बोलणी डोळ्यांसमोर येतात. तेंडुलकरांनी हा संकेत उलटा केला आहे. येथे गाव निवाडा करीत नाही. निवाडा करणारे मुंबईहून आलेले असतात. गावाचा एकमेव प्रतिनिधी सामंत हाच त्या सभागृहातील सर्वांत निरागस आणि सर्वांत सहृदय माणूस आहे. संकुचित वस्तीचा सारा गुणधर्म, म्हणजे एकमेकांवरील पाळत, हिशेब ठेवलेले अपमान आणि दुसऱ्याच्या दाराआड काय चालते याची भूक, हा महानगरातील चाळीतून आलेला आहे. मुंबईची ही माणसे आपले गाव सोबत घेऊन फिरतात. त्यामुळे ‘लहान गाव’ ही या कृतीत भौगोलिक संज्ञा उरत नाही. ज्या समूहात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो आणि कोणीही कोणाला समजून घेत नाही, त्या समूहाचे ते नाव ठरते.

या समूहातील प्रत्येक जण कोठे ना कोठे उणा पडलेला आहे. वकील सुखात्मे यांच्याकडे पक्षकार फिरकत नाहीत. पोंक्षे इंटर नापास असून विज्ञानाचा रुबाब मिरवतो. कर्णिक प्रायोगिक रंगभूमीच्या गप्पा मारतो, पण नट म्हणून त्याला मान्यता नाही. काशीकर दांपत्याला मूल नाही, त्यांनी वाढवलेला बाळू रोकडे त्यांच्या धाकात कायमचा पोरगा राहिला आहे. पहिल्या अंकाच्या आरंभी बेणारे सामंताजवळ या सर्वांची हसत हसत टवाळी करते. तिचे निरीक्षण अचूक असते, आणि या अचूकपणाची किंमत तिला पुढे मोजावी लागते. तिने त्यांची वैगुण्ये सामंतापुढे उघडी केली, त्याच सामंतापुढे ते तिचे गुपित उघडे करतात. खटल्यामागे नीतीचा कैवार जेवढा आहे, तेवढीच ही जुनी उधारी फेडण्याची ओढही आहे.

२. कुजबुजीची साक्ष कशी होते?

न्यायालयाचे सारे सामान येथे उपलब्ध आहे. न्यायाधीश, वकील, पिंजरा, साक्षीदार, पट्टेवाला यांपैकी काहीही कमी नाही. शपथेसाठी धर्मग्रंथ नसतो, म्हणून इंग्रजी शब्दकोशावर भागवले जाते. विनोदासाठी योजलेला हा तपशील पुढे अर्थपूर्ण ठरतो. या न्यायालयाला शब्द हवे आहेत, त्या शब्दांमागचे सत्य त्याला नको आहे.

साक्षींचे स्वरूप पाहिले असता त्यांचे चार प्रकार संभवतात. पहिला प्रकार तर्कवजा निरीक्षणाचा आहे. बाळू रोकडे बेणारेला प्राध्यापक दामले यांच्या घरी पाहिल्याचे सांगतो. एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही; पण ते सांगण्याचा सूर आणि ऐकणाऱ्यांची उत्सुकता यांमुळे एक साधी भेट संशयास्पद होते. सौ. काशीकर बेणारेचे वय, तिचे अविवाहित असणे आणि पुरुषांमध्ये मोकळेपणाने वावरणे यांची नोंद करतात. येथे राहणीमान हाच गुन्हा ठरतो.

दुसरा प्रकार कल्पिताचा आहे, आणि नाट्यदृष्ट्या तो सर्वांत विलक्षण आहे. सामंताला काहीच ठाऊक नसते. साक्ष म्हणजे काहीतरी रंगतदार सांगायचे, एवढेच त्याला समजलेले असते. तो हातातील लोकप्रिय कादंबरीतील प्रसंगाचा आधार घेतो आणि दामले यांच्या खोलीबाहेर ऐकलेल्या काल्पनिक संवादाचे वर्णन करतो. ही शुद्ध लोणकढी नेमकी वास्तवावर जाऊन आदळते. बेणारेची प्रतिक्रिया पाहून बाकीचे सावध होतात. खेळाचे शिकारीत रूपांतर येथूनच होते. स्वस्त कादंबरीतील ठोकळेबाज प्रसंग आणि बेणारेचे आयुष्य एकमेकांशी जुळतात, याचा अर्थ काय? तिचे दुःख इतके सर्वसामान्य आहे की कोणत्याही कादंबरीतून ते उचलता येईल. आणि तरीही ते दुःख तिच्या एकटीचेच मानले जाईल. ज्या घटना घरोघर घडतात त्यांनाच ‘गुपित’ म्हणण्याची समाजाची रीत या एका साक्षीत उघडी पडते.

तिसरा प्रकार विश्वासभंगाचा आहे. बेणारेने पोंक्षेला एकांतात भेटून लग्नाविषयी विचारलेले असते, आपल्या अवस्थेची कल्पना दिलेली असते आणि ती कोणास न सांगण्याचे वचन घेतलेले असते. त्या भेटीत तिच्या पर्समधून ढेकणांच्या विषाची बाटली बाहेर पडल्याचेही पोंक्षे सांगतो. तिच्या मनात आत्मघाताचा विचार होता याचा हा उघड पुरावा. परंतु सभागृहात कोणाच्याही मनात कणव जागी होत नाही. मरणाची इच्छासुद्धा आरोपाला पूरक अशी एक वस्तू होऊन बसते. कर्णिक तिच्या नात्यातील एकाकडून कळलेली हकीकत पुढे करतो. कोवळ्या वयात सख्ख्या मामाशी जडलेले प्रेम आणि त्यानंतरचा आत्महत्येचा प्रयत्न आता साऱ्यांसमोर येतो. आजच्या दृष्टीने पाहिल्यास त्या प्रसंगात अपराध घडला असेल तर तो पंधरा वर्षांच्या मुलीवर घडलेला आहे. या न्यायालयाला मात्र ती मुलगी आरोपी म्हणूनच दिसते.

चौथा प्रकार सत्तेचा आहे. न्यायाधीश काशीकर स्वतःच आसन सोडून साक्ष देतात. बेणारेच्या शाळेच्या अध्यक्षांकडे बसले असताना कानावर पडलेले दूरध्वनीवरील बोलणे ते निवेदन करतात. एका अविवाहित गर्भवती शिक्षिकेला कामावरून कमी करण्याचा निर्णय आधीच झालेला असतो. साक्षीदाराने न्यायाधीश व्हावे किंवा न्यायाधीशाने साक्षीदार व्हावे, हे न्यायतत्त्वाच्या पूर्णपणे विरुद्ध आहे. त्यातच सुखात्मे सरकारी वकिलाबरोबर आरोपीच्या वकिलाचीही भूमिका करतात. जागा बदलली की त्यांचा पवित्रा बदलतो, परंतु बाजू बदलत नाही.

या चारही प्रकारांत एक समान धागा आहे. आरोपीला प्रत्येक क्षणी कोणी ना कोणी आठवण करून देतो की हा केवळ खेळ आहे. ‘खेळ’ हा शब्द येथे ढालीसारखा वापरला जातो. बेणारेने विरोध केला तर ती खिलाडूवृत्तीची नाही, गप्प बसली तर आरोप मान्य, आणि निघून जाऊ लागली तर दाराची कडी बाहेरून लागलेली. आरंभी याच कडीत तिचे बोट चेंगरलेले असते. प्रारंभीचा किरकोळ तपशील शेवटी बंदिवासाचे कारण होतो, ही तेंडुलकरांच्या नाट्यरचनेतील काटकसर लक्षणीय आहे.

या ठिकाणी स्वित्झर्लंडमधील जर्मन लेखक फ्रीड्रिख ड्यूरेनमाट यांच्या ‘डी पाने’ (१९५६) या कथेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तिच्यात मोटार नादुरुस्त झाल्याने एका गावात अडकलेला विक्रेता निवृत्त न्यायाधीश व वकील यांच्या खेळात आरोपी होतो. दोन्ही कृतींत खेळातून खरा दोष वर येतो. भेद मूलभूत आहे. ड्यूरेनमाटच्या नायकाला आपला अपराध सापडल्याचे एक चमत्कारिक समाधान लाभते. त्याच्या सामान्य आयुष्याला त्यामुळे वजन येते. बेणारेला असे काही लाभत नाही. तिच्याबाबतीत अपराध आरोपीचा नसून न्याय करणाऱ्यांचा आहे. ती स्त्री असल्यामुळेच हा भेद निर्माण होतो.

३. निवाडा आणि कायदा

खटल्याचा निकाल असा : बेणारेच्या उदरातील गर्भ नष्ट करण्यात यावा. या निकालातील विसंगतीकडे समीक्षकांनी वेळोवेळी लक्ष वेधले आहे. जिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, तिला भ्रूणहत्येचीच शिक्षा दिली जाते. या विसंगतीचा कायद्याच्या अंगाने विचार केल्यास ती अधिक तीव्र होते.

बेणारेवर आरोप भारतीय दंडसंहितेच्या ३०२व्या कलमाखाली ठेवला जातो. हे कलम खुनाच्या शिक्षेचे आहे. परंतु त्याच संहितेतील २९९व्या कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार मातेच्या उदरातील अर्भकाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नव्हे. गर्भपातासंबंधीची कलमे स्वतंत्र होती, ती ३१२पासून पुढची. म्हणजे सुखात्मे या व्यवसायाने वकील असलेल्या गृहस्थांचे आरोपपत्रच चुकीचे आहे. पुढची पायरी याहून विलक्षण आहे. १९६७ साली ३१२व्या कलमानुसार स्त्रीचा जीव वाचवण्याच्या हेतूखेरीज केलेला गर्भपात हा दंडनीय अपराध होता. न्यायाधीश काशीकर शिक्षा म्हणून प्रत्यक्षात एक गुन्हाच फर्मावतात. नीतीचे रक्षण करण्यासाठी बोलावलेले न्यायालय कायदा मोडण्याची आज्ञा देते आणि कोणाच्याही ते लक्षात येत नाही, कारण त्यांच्या लेखी ‘कायदा’ म्हणजे समूहाची इच्छा.

याच काळात या विषयाची देशपातळीवर चर्चा चालू होती. १९६४ मध्ये नेमलेल्या शांतिलाल शाह समितीने गर्भपाताचा कायदा सैल करण्याची शिफारस केली, आणि १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा अधिनियम संसदेने संमत केला. १९७२च्या एप्रिलपासून तो अमलात आला. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी ‘शांतता!’ पडद्यावर आले. तथापि या योगायोगावरून हे नाटक गर्भपाताच्या बाजूचे वा विरुद्ध आहे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. बेणारेला मूल हवे आहे. तिची मागणी एवढीच की त्या मुलाला नाव असावे, घर असावे. नव्या अधिनियमानेही सज्ञान स्त्रीच्या संमतीविना गर्भपात करण्यास मनाई केली. काशीकरांचा निवाडा जुन्या कायद्यात बसत नव्हता, तसा तो नव्या कायद्यातही बसत नाही. प्रश्न गर्भाचा नाहीच, तो स्त्रीच्या शरीरावर निर्णयाचा अधिकार कोणाचा, हा आहे.

१९७१च्या अधिनियमात संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्यास गर्भपाताची मुभा देणारे स्पष्टीकरण विवाहित स्त्री व तिचा पती यांच्यापुरतेच होते. २०२१च्या दुरुस्तीने त्यात ‘स्त्री अथवा तिचा जोडीदार’ असा बदल झाला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भाबाबतही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असा निर्णय दिला. भारतीय दंडसंहितेची जागा जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. अविवाहित बेणारे कायद्याच्या भाषेत ‘दिसू’ लागण्यास नाटकानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. चाळीच्या भाषेत ती दिसते की नाही, हा प्रश्न वेगळा आहे.

निकालातून जो सुटतो त्याचाही विचार केला पाहिजे. प्राध्यापक दामले या समूहाचेच सदस्य आहेत, परंतु ते त्या दिवशी आलेले नाहीत. साक्षीसाठी त्यांच्या नावाचा पुकारा होतो आणि उत्तर येत नाही. त्यांच्या वर्तनावर कोणी बोट ठेवत नाही, त्यांना शिक्षा सुचवत नाही. त्यांची विद्वत्ता, कुटुंब आणि प्रतिष्ठा अबाधित राहते. बेणारेचे गुपित फुटते. दामले यांचे गुपित, ते सर्वांना ठाऊक असूनही, गुपितच राहते. गोपनीयता हाही एक सामाजिक अधिकार आहे आणि त्याचे वाटप समान नाही, हे येथे स्पष्ट होते.

४. स्वगत : कोणासाठी?

निकालापूर्वी आरोपीला बोलण्यासाठी मोजके क्षण दिले जातात. बेणारे त्या वेळी काहीच बोलत नाही. रंगमंचावर प्रकाश बदलतो, बाकीची पात्रे गोठल्यासारखी होतात आणि तिचे दीर्घ स्वगत सुरू होते. ते संपल्यावर न्यायालय पुन्हा हालचाल करू लागते. त्यांनी काहीच ऐकलेले नसते. शीर्षकातील ‘शांतता’ या शब्दाचा अर्थ येथे पालटतो. सभागृहाला शिस्त लावणारा पुकारा एका व्यक्तीवर लादलेल्या मौनाचे नाव होतो.

या स्वगताबद्दल आक्षेप घेता येतो. नाटकाच्या कोरड्या, नेमक्या संवादशैलीत ते भावविवश वाटते आणि पात्राची बाजू लेखकानेच मांडल्याचा भास होतो, असे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु त्याचे प्रयोजन निराळे आहे. स्वगत ऐकणारे केवळ प्रेक्षक असतात. तोवर त्याच प्रेक्षकांनी काय केलेले असते? प्रत्येक साक्षीच्या वेळी तेही पुढे सरसावलेले असतात. सामंताच्या कादंबरीला हसलेले असतात. बेणारेच्या पर्समध्ये काय आहे हे त्यांनाही जाणून घ्यायचे असते. गुपित कळावे ही इच्छा पात्रांइतकीच प्रेक्षकांचीही आहे. स्वगत त्यांना निर्दोष ठरवत नाही. ज्ञानाबरोबर जबाबदारी येते याची ते जाणीव देते.

रंगमंचावर या संबंधाला आणखी एक परिमाण लाभते. कथानकातील सभागृहात रात्री गावकरी जमणार आहेत. नाटक पाहणारा प्रेक्षक नेमका त्या गावकऱ्यांच्या जागी, त्याच अंतरावर बसलेला असतो. शेवटी दार उघडते, माणसे डोकावतात, प्रयोग सुरू झाला का अशी पृच्छा होते. एवढ्यात मंडळी कपडे सावरून पुन्हा सभ्य झालेली असतात. बाहेरच्यांना आतले काहीच कळत नाही. नाट्यगृहातील प्रेक्षक मात्र त्या गावातील एकमेव जाणता रहिवासी ठरतो.

५. पडद्यावरील चेहरा

चित्रपटात हे स्थान तसेच राहणे शक्य नाही. पडद्यापुढील प्रेक्षक त्या सभागृहात बसलेला नसतो. कॅमेरा त्याला हाताला धरून फिरवतो, कोणाकडे कधी पाहायचे ते ठरवतो. रंगमंचावर सुखात्मे बोलत असताना कोपऱ्यातील बेणारेकडे पाहायचे की नाही, हा निर्णय प्रेक्षकाचा असतो आणि त्या निर्णयात नैतिक निवड दडलेली असते. चित्रपट ही निवड त्याच्याकडून काढून घेतो. या अर्थाने नाटकाचा प्रेक्षक अधिक अपराधी आहे.

तथापि कॅमेऱ्याला एक गोष्ट साधते. मौन हा या कृतीचा गाभा आहे, आणि मौन दूरवरून रिकामे दिसते. कॅमेरा चेहऱ्याजवळ जाऊ शकतो. तेथे न बोलणे हीच कृती होते. रंगमंचावर ही भूमिका घडवलेल्या सुलभा देशपांडे यांच्या मुद्रेतील बारीक फरक पडद्यावर साक्षीचे मोल धारण करतात. शब्दकोशावर हात ठेवून सांगितलेल्या साऱ्या शब्दांच्या विरुद्ध हा एक निःशब्द पुरावा उभा राहतो. हीच जवळीक उलट दिशेनेही काम करते. आरोपीचा चेहरा इतक्या जवळून न्याहाळणे हेही एक प्रकारचे पाळत ठेवणेच आहे. चित्रपटाचा प्रेक्षक न्यायसभेत बसत नाही, तो किल्लीच्या छिद्रातून पाहतो. दोषाचे स्वरूप बदलते, दोष नाहीसा होत नाही.

या चित्रपटाचे महत्त्व त्याच्यापुरते मर्यादित नाही. तेंडुलकर आणि निहलानी यांची ही भेट पुढे ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटापर्यंत पोहोचली. तेंडुलकरांच्याच पटकथेवरील जब्बार पटेल यांचा ‘सामना’ गुपित आणि निवाडा यांचे नाते अगदी उलट बाजूने मांडतो. तेथे साखर कारखानदारीच्या प्रदेशातील सत्ताधीशाचे गुपित आहे आणि मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले, हा एकच प्रश्न एक निष्कांचन, व्यसनी मास्तर विचारीत राहतो. बलवंताचे गुपित उकरण्यास एक माणूस पुढे येतो आणि सारे गाव गप्प असते. दुर्बळ स्त्रीचे गुपित उकरण्यास मात्र सारा समूह पुढे येतो आणि गप्प असते ती एकटी स्त्री. ही दोन चित्रे शेजारी ठेवली असता तेंडुलकरांचा प्रश्न स्पष्ट होतो. सत्य बाहेर काढणे ही स्वतःहून सद्गुणाची कृती नाही. ते कोणाचे, कोणापुढे आणि कशासाठी बाहेर काढले जाते, यावर ती कृती न्याय ठरते की हिंसा, हे अवलंबून असते.

६. समारोप

निकालानंतर सारे जण खेळ विसरून रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. जे घडले ते मनावर न घेण्याचा सल्ला बेणारेला मिळतो. ती जागची हलत नाही. सामंत मात्र अवघडतो. आपल्या कादंबरीतील साक्षीने काय केले हे त्याला पुरते उमगलेले नसते, परंतु काहीतरी चुकले आहे एवढे जाणवते. पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट तो तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. साऱ्या नाटकात तिला कोणी काही देऊ करण्याचा हा एकच प्रसंग आहे.

ही भेट बेणारेचे काहीच सावरू शकत नाही. नोकरी गेली आहे, दामले परतणार नाहीत, आणि मुंबईला परतताना हीच मंडळी गाडीत तिच्या शेजारी बसणार आहेत. तरीही पोपट ठेवताना सामंत कोणताही निवाडा करीत नाही. तिने काय केले हे त्याने ऐकले आहे, आणि ऐकूनही तो तिला माणूस म्हणून पाहतो. न्यायालयाच्या साऱ्या सामानात ज्या एका गोष्टीची वाण होती, ती अशा रीतीने शेवटी एका खेळण्याच्या रूपाने सभागृहात येते. त्यानंतर दाराबाहेर गावकरी जमू लागतात आणि त्यांना खरा खटला पाहायचा असतो, अमेरिकेच्या अध्यक्षांवरचा.